बुडालेल्या बँकेची नोट आणि चिपळूणचे रोखपाल

पत्र:

ताई, नमस्कार. मी चिपळूणचा. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं रोखपाल होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, पाटी बदलली, शिक्के बदलले. मुलगी एडिनबराला असते. गेल्या खेपेला तिने तिकडच्या तीन नोटा आणल्या: रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची एक पौंडाची, क्लाइड्सडेल बँकेची पाच पौंडांची प्लास्टिकची आणि बँक ऑफ स्कॉटलंडची वीस पौंडांची कागदी. वीसची नोट मुंबईत बदलायला नेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘ही चालत नाही.’ घरी आणली, उलटसुलट पाहत बसलो आणि तेव्हापासून वेडच लागलंय. एक पौंडाची नोट खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून घेतली. आता एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सिटी ऑफ ग्लासगो बँक, १८७८ साली बुडालेली, अतिदुर्मीळ’ अशी एक पौंडाची नोट १,८५,००० रुपयांना आली आहे. विकणारा म्हणतो, दहा वर्षांत दसपट. मिसेस म्हणतात, ‘जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यात, आता परक्यांच्या गोळा करताय.’ नोट घ्यावी का? आणि या नोटा मुळात खऱ्या तरी आहेत का, की न चालणाऱ्या?

– एक निवृत्त रोखपाल, चिपळूण

उत्तर:

रोखपालसाहेब, नमस्कार.

लॅमिनेशनचं वाचलं आणि माझा चहा निवला. आता ती नोट सोलून काढायला जाऊ नका. लॅमिनेशनमधला गोंद उष्णतेने कागदाच्या धाग्यांत मुरतो, प्लास्टिक ओढलंत तर छपाईही सोबत येईल. जीव जाळून घेण्याचं मात्र कारण नाही. रॉयल बँकेने एक पौंडाची नोट २००१ पर्यंत छापली, त्यामुळे दुसरी करकरीत मिळायला अवघड नाही. लॅमिनेट केलेली नातवंडांना हाताळायला ठेवा. यापुढे नोटेला लॅमिनेशन नाही, इस्त्री नाही, सेलोटेप नाही आणि खोडरबर तर अजिबात नाही.

आता त्या मुंबईच्या मुलाचं. त्याने नोट नाकारली, ती त्याच्या यादीत नसेल म्हणून. नोट खरीच आहे. स्कॉटलंडमध्ये आजही तीन व्यापारी बँका स्वतःच्या नावाने नोटा काढतात, आणि गंमत म्हणजे ‘कायदेशीर चलन’ या शब्दाच्या काटेकोर अर्थाने (म्हणजे देणं फेडताना समोरच्याला नाकारता येत नाही असा पैसा) त्या नोटा कुठेच कायदेशीर चलन नाहीत, अगदी स्कॉटलंडमध्येसुद्धा. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही स्कॉटलंडात त्या अर्थाने कायदेशीर चलन नाहीत. तरी सगळा देश स्कॉटिश नोटांवर चालतो, कारण या बँकांना नोटा काढायचा अधिकार संसदेच्या कायद्याने दिलेला आहे आणि प्रत्येक नोटेमागे तारण ठेवावं लागतं. त्या तारणासाठी बँक ऑफ इंग्लंडने दहा लाख पौंडांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या नोटा छापून ठेवल्या आहेत. पहिलीला ‘जायंट’ म्हणतात, दुसरीला ‘टायटन’. त्या तिजोरीबाहेर येत नाहीत. ३४ वर्षं कॅश टॅली केलेल्या माणसाला एका कागदावर दहा कोटी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. लंडनमधला टॅक्सीवालासुद्धा कधीकधी स्कॉटिश नोट पाहून कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा आपल्या काउंटरवरच्या पोराला फार बोल लावू नका. एकच ध्यानात घ्या: कागदी वीसची नोट ३० सप्टेंबर २०२२ला व्यवहारातून गेली. खर्चायची असेल तर मुलीने ती तिकडे बँक ऑफ स्कॉटलंडमध्येच न्यावी. मी तुमच्या जागी असते तर ठेवली असती.

कारण त्या नोटेवरचा माणूस. ते कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट. १८२६ साली लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं. स्कॉटलंडात सोन्याची नाणी कमी, सगळा बाजार एक पौंडाच्या कागदावर चालायचा. स्कॉटने टोपणनावाने वर्तमानपत्रात खरमरीत पत्रं लिहिली, लोक पेटले आणि सरकारने स्कॉटलंडपुरती माघार घेतली. एक पौंडाची नोट वाचली. पत्रं लिहिणारा हा गृहस्थ त्याच वर्षी, छापखान्याच्या व्यवहारात, स्वतः नखशिखांत कर्जात बुडाला होता. बँकेने त्याला नोटेवर बसवला त्यामागे कृतज्ञता आहे, आणि मला वाटतं थोडी चेष्टाही.

आता मुख्य प्रश्न, ग्लासगोची नोट. फोटो पाहून खरी-खोटी मी सांगणार नाही, कोणी सांगितलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. त्या बँकेची गोष्ट आधी ऐका, किमतीचं गणित तिच्यातच आहे.

सिटी ऑफ ग्लासगो बँक १८३९ साली निघाली. १८७८ पर्यंत तिच्या १३३ शाखा होत्या. २ ऑक्टोबर १८७८ला दारं उघडलीच नाहीत. हिशेब तपासले तेव्हा कळलं की ताळेबंद वर्षानुवर्षं रंगवलेला होता आणि कर्जाचा मोठा भाग मोजक्या पेढ्यांकडे अडकला होता. त्यांतल्या काहींचा व्यापार आपल्याच हिंदुस्थानशी होता. संचालकांवर पुढच्या जानेवारीत एडिनबराला खटला चालला, दोघांना १८ महिने आणि बाकीच्यांना ८ महिने कैद झाली. भागधारकांची जबाबदारी अमर्यादित होती. शंभर पौंडांच्या शेअरमागे आधी ५००, मग आणखी २२५० पौंड भरायचा हुकूम आला. १८१९ भागधारकांपैकी २५४ तेवढे पायावर उभे राहिले, बाकीचे धुऊन निघाले.

नोटांचं काय झालं? आपल्याला वाटतं, बँक बुडाली म्हणजे नोटा रद्दी झाल्या आणि कुणा आजीच्या ट्रंकेत पडून राहिल्या. इथे उलट झालं. बाजारातली घबराट थांबावी म्हणून बाकीच्या स्कॉटिश बँकांनी या नोटा आपल्या काउंटरवर घ्यायचं जाहीर केलं. लोकांनी साहजिकच पळत जाऊन नोटा दिल्या आणि पैसे घेतले. नोटा परत आल्या, हिशेबाला लागल्या आणि नष्ट झाल्या. आज खरी नोट क्वचित निघते, आणि निघते तेव्हा ती स्पिंक किंवा नूनन्ससारख्या लंडनच्या लिलावगृहांच्या यादीत येते: आधीचा मालक कोण, कुठल्या संग्रहातून आली, कुठे दुरुस्त केली आहे, सगळं लिहून. मध्यरात्री ‘सर, फक्त तुमच्यासाठी’ म्हणत रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रुपवर ती येत नाही. दहा वर्षांत दसपट म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की बाबा, मग तू का विकतोस?

घेऊ नका.

विकणारा लबाडच असेल असंही मी म्हणत नाही. जुन्या नोटांच्या छापील प्रती, संग्रहालयात आठवण म्हणून विकलेले कागद, नमुना म्हणून काढलेली प्रूफं अशा पुष्कळ गोष्टी हातोहात फिरत ‘अस्सल’ होतात. १७४६ साली बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टने आपल्या सैन्याला पगार द्यायला नोटा छापायचं ठरवलं. रॉबर्ट स्ट्रेंज नावाच्या खोदकाम करणाऱ्याने तांब्याची पट्टी तयार केली, तेवढ्यात कलोडनची लढाई हरली आणि पट्टी हरवली. ती १८३५च्या सुमारास लॉख लॅगन तळ्याकाठी सापडली, आज स्कॉटलंडातल्याच फोर्ट विल्यम गावच्या संग्रहालयात आहे. त्या पट्टीवरून पुढे छापलेले कागद आहेत. तांबं खरं, पट्टी खरी, पण त्या कागदाने एकाही सैनिकाचा पगार झाला नाही. असा कागद ‘१७४६ची नोट’ म्हणून कोणी विकला तर त्याला काय म्हणाल?

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे या छंदात शिरताना नव्हती: बोटं. जुन्या नोटा पोलादी किंवा तांब्याच्या पट्टीवर खोदून छापलेल्या, शाई कागदावर किंचित उभी राहते. अंगठ्याने हळूच चाचपलंत की तुम्हाला ती कळेल. दहापट भिंगाखाली खोदलेली रेघ सलग दिसते, घरच्या प्रिंटरची ठिपक्याठिपक्यांनी बनते. बँकेतला तो जांभळा दिवा आठवतो ना, तसा एखादा घ्या. आजचा पांढरा कागद त्याखाली निळसर चमकतो, शंभर वर्षांपूर्वीचा कागद सहसा मंदच राहतो. जुन्या एक पौंडाच्या नोटा आकारानेही मोठ्या, जवळजवळ चौकोनी असत (विक्रेते त्यांना ‘स्क्वेअर’च म्हणतात), १९२०च्या दशकात त्या लहान झाल्या. आणि टाचण्यांची भोकं! आपल्याकडे बंडलाला टाचण्या मारायची सवय मोडायला रिझर्व्ह बँकेला फर्मान काढावं लागलं, तिकडच्या नोटांवरही ती बारीक भोकं सापडतात. नोट उजेडासमोर धरा.

मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडची एक पौंडाची नोट मी ‘यूएनसी’, म्हणजे एकदाही न वापरलेली, म्हणून मागवली. विक्रेत्याचं नाव काढत नाही. पाकिटातून निघाली तेव्हा इतकी सपाट होती की मला आनंदच झाला. दोन दिवसांनी रात्री वीज गेली म्हणून मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवला होता. त्या तिरप्या उजेडात नोटेच्या बरोबर मधोमध एक उभी सावली दिसली, केसाएवढी. घडी होती. कोणीतरी नोट ओलसर करून दाबून सपाट केली होती, कडांचा करकरीतपणा गेलेला, शाईचा उठाव बसलेला. कोरी म्हणून पैसे घेतले ती खरं तर ‘व्हीएफ’ दर्जाची, बरी वापरलेली. या दोन दर्जांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. तेव्हापासून मी समोरून काढलेला फोटो मानत नाही, तिरप्या उजेडातला मागते. तो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेत नाही.

आता काय घ्यावं ते. तुमच्या पत्रातलं माझ्या मनात राहिलं ते ग्लासगोची नोट नव्हे, ‘पाटी बदलली, शिक्के बदलले’ हे वाक्य राहिलं. १९४९ साली स्कॉटलंडात नोटा काढणाऱ्या आठ बँका होत्या. १९७१ पर्यंत तीन उरल्या. क्लाइड्सडेल आणि ॲबरडीनची नॉर्थ ऑफ स्कॉटलंड बँक १९५०मध्ये एक झाल्या आणि काही वर्षं नोटेवर दोघींची नावं आली, ‘क्लाइड्सडेल अँड नॉर्थ ऑफ स्कॉटलंड बँक’. लग्नानंतर दोन्ही आडनावं लावावीत तसं. १९६३मध्ये दुसरं नाव गळालं. युनियन बँक १९५५मध्ये बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये गेली. कमर्शियल आणि नॅशनल मिळून १९५९मध्ये नॅशनल कमर्शियल झाली आणि दहाच वर्षांत रॉयल बँकेच्या पोटात शिरली. ब्रिटिश लिनन बँक, जी १७४६ साली तागाच्या कापडाच्या व्यापारासाठी निघालेली कंपनी होती, तीही अखेर बँक ऑफ स्कॉटलंडने गिळली.

या आठही बँकांची आणि जोडनावाच्या दोन बँकांची एकेक, एक पौंडाची नोट. दहा नोटा. माझ्या मते हा तुमचा संग्रह. यातल्या १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बऱ्याच नोटा, मध्यम दर्जाच्या घेतल्यात तर, चांगल्या हॉटेलात दोघांनी जेवावं तेवढ्यात मिळतात. एकेक मिळवायला वर्ष-दीड वर्ष सहज जाईल आणि त्यात मजा आहे. बँकेचं विलीनीकरण आतून पाहिलेला माणूस त्या जोडनावाच्या नोटेकडे जसा पाहील तसा लंडनचा एखादा श्रीमंत संग्राहक पाहणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, त्या नावासाठी किती बैठका झाल्या असतील आणि जुन्या शाखेतल्या शिपायाला नवी पाटी लावताना काय वाटलं असेल.

एक मोह होईल, सांगून ठेवते. तुमच्या वीसच्या नोटेवर मागे एडिनबराजवळच्या फोर्थ खाडीवरचा रेल्वेपूल आहे आणि क्लाइड्सडेलच्या प्लास्टिकच्या पाचावरही तोच आहे. ती पाचाची नोट २०१५ची, पुलाच्या १२५व्या वर्षानिमित्त काढलेली, ग्रेट ब्रिटनमधली पहिली प्लास्टिक नोट. नॅशनल कमर्शियलच्या एक पौंडावर पुन्हा हाच पूल. ‘पुलांचा संग्रह’ करावासा वाटेल. करा, पण नंतर.

पाचाची ती नोट ‘पहिली’ आहे म्हणून दुर्मीळ समजू नका, वीस लाख छापल्या होत्या. गोल्फपटू जॅक निकलॉसची २००५ची पाच पौंडांची नोटही वीस लाख. स्मरणार्थ काढलेली नोट लोक जपूनच ठेवतात, त्यामुळे ती पन्नास वर्षांनीही कोरीच मिळते. दुर्मीळ होते ती भाजीबाजारात झिजून गेलेली साधी नोट. खरोखर मोजक्या हव्या असतील तर बँक ऑफ स्कॉटलंडने २०१६मध्ये मुलांच्या मदतनिधीसाठी, त्या निधीचं अस्वल ‘पडझी’ याच्या नावाची अक्षरं नंबरात घालून, पाच पौंडांच्या फक्त ५० नोटा काढल्या होत्या. आपल्याकडे ७८६ नंबरासाठी लोक काय काय करतात ते तुम्ही काउंटरवरून पाहिलंच असेल. तिकडेही तेच वेड, फक्त अक्षरं वेगळी. आपल्या स्टार नोटांसारखा प्रकारही आहे: छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी दिलेल्या नोटेला वेगळं अक्षर असतं, बऱ्याचदा झेड. यात आत्ता शिरू नका, डोकं फिरतं.

दहा पूर्ण झाल्यावर अकरावी म्हणून मी एक सुचवेन. क्लाइड्सडेलच्या दहा पौंडांवर बरीच वर्षं डेव्हिड लिव्हिंगस्टन होता, आफ्रिका धुंडाळणारा. हा माणूस १८६४ साली आपली छोटी आगबोट हाकत झांझिबारहून थेट मुंबईला आला. पुढच्या वर्षी बोट मुंबईतच विकली आणि पैसे एका बँकेत ठेवले. मुंबईतल्या कापसाच्या तेजीचा फुगा फुटण्याचे ते दिवस. बँक बुडाली, पैसे गेले. शेवटच्या मोहिमेला निघताना त्याने नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमधून, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना सोबत नेलं. ज्याचे पैसे मुंबईच्या बँकेत बुडाले तो ग्लासगोच्या बँकेच्या नोटेवर! ही नोट तुमच्या घरात शोभेल.

ठेवण्याबद्दल. चिपळूणकरांना पाण्याबद्दल मी काय सांगायचं, तरी सांगते: माळ्याच्या उंचीवर ठेवा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वासाची प्लास्टिक पाकिटं नकोत. तो पीव्हीसीचा वास म्हणजेच नोटेला चिकटणारं रसायन. पॉलिएस्टरची कडक, बिनवासाची पाकिटं मागवा. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. नोटेवर पेन्सिलीनेही काही लिहू नका, वही वेगळी करा: कधी, कुणाकडून, कितीला, दर्जा काय. ते लेजर तुम्ही माझ्यापेक्षा सुंदर लिहाल.

पैशाचं तुम्हाला समजावणं म्हणजे अतिशहाणपणा, पण विचारलंत म्हणून. ही गुंतवणूक नाही. विकायला गेलात की विक्रेत्याचं कमिशन, लिलावगृहाचं कमिशन आणि वर दर्जावरून घासाघीस. वर्षाला एक रक्कम ठरवा, ती मिसेसना सांगा आणि ती वही त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा. त्यांचा राग नोटांवर नसावा, १,८५,०००वर असावा. शिवाय भारतात राहणाऱ्याला परकीय नोटा एकूण दोन हजार अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंतच जवळ ठेवता येतात. चालू नोटांचा ढीग वाढायला लागला तर आधी सनदी लेखापालाला विचारा.

मुलीला एक काम सांगा. एडिनबराला माउंडवर बँक ऑफ स्कॉटलंडच्या मुख्य इमारतीत ‘म्युझियम ऑन द माउंड’ आहे, प्रवेश फुकट. तिने जाऊन जुन्या नोटा काचेपलीकडून बघाव्यात आणि तुम्हाला व्हिडिओवर दाखवाव्यात, म्हणजे खरी नोट कशी दिसते याचं माप डोळ्यांत बसेल. १६९५ साली ही बँक काढण्यात पुढे असलेला जॉन हॉलंड इंग्रज होता आणि त्याच्या आदल्या वर्षी बँक ऑफ इंग्लंड उभी करणारा विल्यम पॅटरसन स्कॉटिश. हे तिला तिथल्या कुणा इंग्रज मित्राला सांगू दे.

आणि पुढच्या वेळी ती नोट आणेल तेव्हा पर्समध्ये दुमडून नको. दोन कोऱ्या कागदांत घालून, कडक पुठ्ठ्याच्या पुस्तकात, हातातल्या बॅगेतून. मसाल्याचे डबे ज्या बॅगेत असतात तिच्यात तर नकोच. माझ्या एका नोटेला अजून गोड्या मसाल्याचा वास येतो.

– तुमची ताई